रांजण आणि अंक : नाणेघाटापासून मोबाईलच्या खुल्या जाळ्यापर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. मोबाईलचे पुढच्या पिढीचे जाळे आणि ते चालविणारी खुली आज्ञावली, हा विषय मुंबई-बंगळूरच्या कचेऱ्यांतला. शिवनेरीच्या पायथ्याशी तो कशाला? जुन्नरकरांनी बोलावे ते किल्ल्यांविषयी, लेण्यांविषयी, द्राक्षे-टोमॅटोंविषयी. शंका रास्त आहे. पण दळणवळणाच्या इतिहासातील तीन मोठे टप्पे या एका तालुक्याच्या हद्दीत उभे आहेत, आणि तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : वाट कोणाची, आणि ती कशी चालते हे कोणाला कळते? त्या प्रश्नाचा मागोवा घेणे एवढेच आजचे काम.

पहिला टप्पा अर्थातच नाणेघाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल सह्याद्री चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठण-तेरकडे जाई. सातवाहनांनी ही वाट राखली. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे लोक सांगतात. शेजारच्या गुहेत राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांची मोजदाद त्यात आहे, आणि ती अंकांनी लिहिली आहे. ब्राह्मी अंकांच्या जुन्या नमुन्यांत या लेखाला मानाचे स्थान आहे. आज सारे जग ज्या अंकांनी हिशेब करते, त्यांच्या पूर्वजांपैकी काही आपल्या घाटात दगडावर कोरलेले आहेत.

आता रांजण आणि अंक ही दोन्ही शेजारी ठेवून पाहा. रांजणावर राजाची मालकी होती. वाट राखावयाची, चोरांचा बंदोबस्त करावयाचा, तर जकात घ्यावी लागणारच. त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण अंकांवर कोणाची मालकी होती? कोणाचीच नाही. राणीने ज्या खुणांनी दान मोजले त्याच खुणांनी व्यापाऱ्याने माल मोजला. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे, यवन दात्यांचीही नावे आहेत. इतक्या परींच्या माणसांचा एकमेकांशी व्यवहार झाला, तो मोजण्याची आणि लिहिण्याची खूण सर्वांना ठाऊक होती म्हणून. समजा, राजाने अंकच गुपित ठेवले असते, आणि प्रत्येक हिशेब राजाच्या कारकुनाकडूनच करून घ्यावा असा हुकूम काढला असता, तर जुन्नरची पेठ वसली असती काय? जकात असावी, अंक मात्र लपवू नयेत. आजच्या विषयाचे सार मला या एका वाक्यात दिसते.

दुसरा टप्पा गाठण्यासाठी दोन हजार वर्षे ओलांडून नारायणगावाजवळच्या आर्वीला यावे लागते. १९६४ साली इन्टेलसॅट ही उपग्रह-दळणवळणाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि १९६५ साली तिचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. हिंदी महासागरावर उपग्रह आला तेव्हा भारताला परदेशांशी बोलण्याचा नवा मार्ग मिळाला. पण त्यासाठी जमिनीवर मोठी तबकडी हवी होती. ती आर्वीला उभी राहिली. तिचा व्यास सुमारे ३० मीटर. टपाल खात्याने २६ फेब्रुवारी १९७२ रोजी या केंद्राचे तिकीट काढले. त्याच्या थोडेच आधी, ३० डिसेंबर १९७१ रोजी, विक्रम साराभाई निवर्तले होते. केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले.

साराभाईंची दूरदृष्टी अशी की, परदेशी कंपनीकडून तयार केंद्र विकत घेऊन कळ दाबण्याचे काम तेवढे आपल्याकडे घेणे त्यांना पसंत नव्हते. १९६७ साली अहमदाबादेस प्रायोगिक भूकेंद्र काढून त्यांनी अभियंत्यांना या विद्येत तयार केले होते. पण येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयाची आहे. आर्वीची तबकडी जगाशी बोलू शकली, याचे कारण इन्टेलसॅटने भूकेंद्राच्या अटी जाहीर केलेल्या होत्या. तबकडी केवढी हवी, लहरी कोणत्या, संदेश कोणत्या पद्धतीने बांधावयाचा, हे कागदावर स्पष्ट होते. ते पाळणारे कोणत्याही देशाचे केंद्र जाळ्यात येऊ शकत होते. म्हणजे अंक उघडे होते. रांजण मात्र इन्टेलसॅटचा होता.

यापुढचा प्रयोग जुन्नरबाहेरचा, तरी तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. खेड्यांसाठी तिने १२८ जोडण्यांचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. बाहेरची एक्स्चेंजे थंड हवेच्या खोलीत लाडाने ठेवावी लागत. हे धुळीत आणि उन्हाळ्यात, वातानुकूलनाशिवाय चालणारे होते. १९८६ साली ते कर्नाटकात कित्तूर येथे बसले. पुढे खेडोपाडी पिवळ्या फलकाचे पी.सी.ओ. निघाले, त्यांच्यामागे अशा एक्स्चेंजांचे बळ होते. सी-डॉटने आपला आराखडा एकाच कारखान्याला न देता अनेक कारखान्यांना दिला, त्यामुळे एक्स्चेंजची किंमत एका विक्रेत्याच्या मर्जीवर राहिली नाही. आजच्या अर्थाने हे खुले नव्हे. आराखडा परवाना घेऊनच मिळे. पण दिशा तीच होती.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला आणि आपल्याकडे मोबाईलचे युग सुरू झाले. मोबाईलचे जाळे म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. आपल्या हातात फोन असतो. त्याच्या लहरी मनोऱ्यावरील अँटेना झेलते. मनोऱ्यावरचे रेडिओयंत्र त्या लहरींचे आकड्यांत रूपांतर करते, दुसरे यंत्र त्या आकड्यांतून आपले बोलणे वेगळे काढते, आणि शेवटी जाळ्याचा गाभा ठरवितो की हा मनुष्य कोण, त्याचे पैसे भरलेले आहेत की नाहीत आणि त्याचा फोन कोठे जोडावयाचा. या साऱ्याचे नियम सर्व देशांनी मिळून ठरविलेले आहेत. १९९८ साली स्थापन झालेली ३जीपीपी ही संघटना ते छापते आणि कोणालाही ते वाचता येतात. म्हणूनच आपला फोन लंडनलाही चालतो.

मग अडचण कोठे आली? नियम उघडे होते, पण ते अमलात आणणारी यंत्रे बंद पेटीत होती. मनोऱ्यावरचे रेडिओयंत्र आणि त्याच्याखालचे गणितयंत्र यांचे आपसांतले बोलणे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते वेगळे ठेवले. एका कंपनीचे रेडिओयंत्र घेतले की खालचे यंत्र, त्याचे सुटे भाग, त्याची दुरुस्ती आणि त्याची पुढची आवृत्ती हे सारे तिच्याकडूनच घ्यावे लागे. जगात असे मोठे यंत्रविक्रेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. एखाद्या देशाशी बिनसले की त्या देशाची यंत्रे काढून टाका, असे सरकारे म्हणू लागली. पण काढून काय बसवावयाचे, हा पेच होताच. घरी नळाची तोटी बिघडली तर कोणत्याही दुकानातून नवी आणता येते. तोटीसाठी सगळी पाइपलाइन बदलावी लागली तर आपण काय म्हणू?

यावर उपाय निघाला तो दूरध्वनीवाल्यांच्या नव्हे, संगणकवाल्यांच्या आळीतून. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी असा संकल्प सोडला की, संगणकाची आज्ञावली सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता आली पाहिजे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स ही प्रणाली लिहावयास घेतली आणि तिची मूळ आज्ञावली जगापुढे ठेवली. हजारो लोकांनी तीत भर घातली. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तीच आहे. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. घरच्या पाककृतीसारखी ही गोष्ट आहे. भाजी खाऊ घालणारा बंद पेटीवाला. कृती सांगून 'तुम्ही करा, सुधारा, शेजारणीलाही सांगा' म्हणणारा खुला. कृती सांगितल्याने खानावळ बुडत नाही. हाताची चव आणि वेळेवर वाढणे यांचे पैसे लोक देतातच. खुले म्हणजे फुकट, हा समज सोडून दिला पाहिजे.

२००८ हे साल या इतिहासात महत्त्वाचे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातून ओपनफ्लो ही पद्धत प्रसिद्ध झाली. वाट दाखविणारी अक्कल पेटीतून काढून वेगळ्या आज्ञावलीत ठेवावी, अशी तिची कल्पना. त्याच सुमारास मोबाईलचा छोटा मनोरा साध्या संगणकावर चालविणाऱ्या खुल्या आज्ञावली हौशी अभियंत्यांनी लिहिल्या. २०१२ साली युरोपातील मानकसंस्थेच्या छत्राखाली मोठ्या दूरध्वनी कंपन्यांनीच जाहीर केले की, खास पेट्यांऐवजी बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर जाळे चालवावे. २०१८ च्या जानेवारीत लिनक्स फाउंडेशनने जाळ्यांचे खुले प्रकल्प एका छपराखाली आणले. फेब्रुवारीत अमेरिका, चीन, जर्मनी, जपान आणि फ्रान्स येथील पाच मोठ्या कंपन्यांनी ओ-रान ही युती केली. रेडिओयंत्र आणि गणितयंत्र यांच्यामधला सांधा सर्वांसाठी एकच व उघडा असावा, हा तिचा हेतू. २०२० साली जपानमध्ये राकुतेन कंपनीने या वाटेने देशव्यापी सेवा सुरू केली. आज एखाद्या विद्यार्थ्याला साधा संगणक आणि एक रेडिओकार्ड घेऊन पाचव्या पिढीच्या जाळ्याचा गाभा आपल्या टेबलावर चालविता येतो. त्याच्या आज्ञावली खुल्या मिळतात. एकेकाळी हे ज्ञान मोठ्या कंपनीच्या भिंतीआड होते.

येथे मला तुम्हांला तिसऱ्या टप्प्याकडे, म्हणजे खोडदला न्यावयाचे आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही एकत्र, काही इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. जाळीचा पृष्ठभाग तारांवर ताणून त्यांनी खर्च वाचविला. सर्व अँटेनांचे संदेश प्रकाशतंतूंनी मध्यभागी येतात आणि तेथे त्यांचा गुणाकार होतो. हा गुणाकार आरंभी त्यासाठीच जुळविलेले खास यंत्र करीत असे. २०१० च्या सुमारास ते काम साध्या संगणकांच्या समूहावर, आज्ञावलीच्या बळावर होऊ लागले. पुढच्या सुधारणेत वापरलेली यंत्रपाटी कॅस्पर या खगोलशास्त्रज्ञांच्या सहकारातून आली. तिचे आराखडे खुले आहेत. म्हणजे खास पेटीतून साध्या संगणकाकडे आणि गुपितातून खुल्या आराखड्याकडे असा जो प्रवास मोबाईलच्या जाळ्याने केला, तोच प्रवास आपल्या तालुक्यातील दुर्बिणीनेही केला.

दुर्बीण आणखीही एक धडा देते. ती आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी ऐकते, आणि मोबाईलच्या काही लहरी तिच्याच पट्ट्यात येतात. म्हणून या परिसरात मनोरा उभारताना दुर्बिणीच्या संस्थेशी समन्वय ठेवावा लागतो. आकाश ही सर्वांची समाईक मिळकत आहे, गायरानासारखी. गायरान खुले असते म्हणून कोणी कितीही जनावरे सोडावीत असे होत नाही. खुलेपणाला नियम लागतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावयास नको.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण एकच बाजू सांगणे हे वकिलाचे काम, इतिहासकाराचे नव्हे.

पहिला आक्षेप असा की, कुलूप कसे बनविले हे सर्वांना सांगितले तर चोराचे फावणार नाही काय? इतिहासाचे उत्तर दुहेरी आहे. २०१४ साली ओपनएसएसएल या खुल्या आज्ञावलीत मोठे भगदाड सापडले. सारे जग ती वापरीत होते, पण तिची देखभाल मोजकी माणसे करीत होती. उघडे असले म्हणजे कोणीतरी पाहतच असेल, हा भ्रम तेव्हा गळाला. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड नावाच्या दुसऱ्या खुल्या आज्ञावलीत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचे उघडकीस आले. तो कसा सापडला? आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्याला आपल्या संगणकावरील एक काम अर्ध्या सेकंदाने रेंगाळलेले दिसले. त्याने शोध घेतला आणि मूळ आज्ञावली उघडी असल्यामुळे तो मुळापर्यंत पोहोचला. बंद पेटीत अर्धा सेकंद अर्धा सेकंदच राहिला असता. तात्पर्य, खुलेपणा पाहण्याची सोय देतो. पाहणारा माणूस आपल्यालाच नेमावा लागतो.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. पाच ठिकाणचे सुटे भाग जोडले आणि जाळे बंद पडले, तर धरावयाचे कोणाला? हा आक्षेप खरा आहे, आणि अनेक कंपन्या अजून एकाच विक्रेत्याकडून सारे घेतात ते याचमुळे. जोडणी करणारे कुशल हात नसतील तर खुले जाळे महागही पडते.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, खुलासा आहे. स्वदेशी आणि खुले या दोन गोष्टी एक नव्हेत. १७ मे २०२२ रोजी देशाच्या पाचव्या पिढीच्या चाचणीकेंद्राचे उद्घाटन झाले; मद्रासच्या आय.आय.टी.च्या पुढाकाराने अनेक संस्थांनी ते मिळून उभारले, त्यांत मुंबईची आय.आय.टी. होती. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बी.एस.एन.एल.च्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचे राष्ट्रार्पण ओडिशात झारसुगुडा येथे झाले. त्याचा गाभा सी-डॉटचा, रेडिओयंत्रे तेजसची, जोडणी टी.सी.एस.ची. कित्तूरच्या एक्स्चेंजपासून निघालेली वाट येथवर आली, याचा अभिमान वाटावा. पण आपल्याच देशातील पेटी बंद असली तरी ती बंदच. परक्याच्या कुलपाऐवजी घरचे कुलूप आले. किल्ली शिकणाऱ्या मुलांच्या हाती किती आली, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न मी का लावून धरतो? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडे पाहा. घाटमाथ्यावरच्या, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या, भीमाशंकरच्या रानातल्या आदिवासी वाड्या. डोंगर आडवा, वस्ती विरळ, गिऱ्हाईक थोडे. नफ्याचा हिशेब करणारी कंपनी तेथे उशिरा पोहोचते. पण साप चावलेल्या माणसासाठी गाडी बोलवावयाची, तर उंचवट्यावर जाऊन एका काडीची वाट पाहावी लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मोबाईलचे जाळे ही चैन वाटत नाही.

अशा ठिकाणी खुली आज्ञावली काय करू शकते, याची दोन उदाहरणे आहेत. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात तालेआ दे कास्त्रो या डोंगरगावात मोठ्या कंपन्या येईनात. २०१३ साली गावाने खुल्या आज्ञावलीवर चालणारे स्वतःचे मोबाईल-जाळे उभे केले. पुढे अशी अनेक गावे एकत्र आली आणि २०१६ साली त्यांच्या संस्थेला सरकारने लहरींचा परवाना दिला. दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले. पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. कोठे कोणती लहर रिकामी आहे याची नोंदवही ठेवणारी त्यांची ओपनपॉज ही आज्ञावली खुली होती. 'ग्राममार्ग' या त्यांच्या प्रकल्पाला २०१७ साली मोझिला या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेचे पारितोषिक मिळाले.

या दोन उदाहरणांतला फरकही सांगितला पाहिजे. मेक्सिकोत गावांना परवाना मिळाला. पालघरचा तो प्रयोग प्रायोगिक परवान्यावर झाला. आपल्याकडे मोबाईलच्या लहरींचा लिलाव २२ मंडळांच्या हिशेबाने होतो. मुंबई सोडून अख्खा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ. एखाद्या ग्रामपंचायतीने तीन वाड्यांपुरती लहर मागावी, अशी खिडकीच नाही. म्हणजे अंक उघडे झाले तरी रांजणाचे तोंड एवढे मोठे आहे की लहान माणसाला त्यात नाणे टाकता येत नाही. आज्ञावली अभियंते खुली करतील. लहरींची ही खिडकी मात्र कायद्याने आणि लोकांच्या मागणीनेच उघडेल.

मग जुन्नरकरांनी काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात. आपल्या महाविद्यालयांतून आणि आय.टी.आय.तून या खुल्या आज्ञावलींवर मुलांना हात बसवू द्यावा. साहित्य साधे आहे, पुस्तके खुली आहेत, आणि खोडदची दुर्बीण शेजारी आहे. सरकारी पैशाने जे सॉफ्टवेअर लिहिले जाते ते, सुरक्षिततेची बाब वगळून, लोकांना वाचावयास मिळावे असा आग्रह धरावा. आणि जेथे कंपनी जात नाही तेथे गावाच्या संस्थेला थोड्या लहरी द्याव्यात, दुर्बिणीचे मौन सांभाळून, अशी मागणी ग्रामसभांनी करावी. दूधसंघ आणि पाणीपुरवठा संस्था चालविणाऱ्या लोकांना छोटे जाळे चालविणे जमणार नाही, असे मला वाटत नाही.

आर्वीच्या तबकडीचे दिवस समुद्रातल्या तारांनी मागे टाकले. आज ज्यांना आपण पुढची पिढी म्हणतो ती जाळीही एके दिवशी मागची होतील. यंत्रे जातात, रांजणही रिकामा राहतो. नाणेघाटात आज जकात कोणी देत नाही, सातवाहनांचे राज्यही नाही. पण भिंतीवरचे ते अंक, बदललेल्या रूपात का होईना, बाजारात आपण रोज वापरतो, कारण ते कोणी कुलपात ठेवले नव्हते.